सांदीपनींच्या गावी : मुलांची शाळा निवडताना

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले म्हणजे धर्मग्रामातील तरुण मातापित्यांची पावले आमच्या कचेरीकडे वळू लागतात. पूर्वी त्यांचा प्रश्न बहुधा एकच असे : मराठी माध्यम की इंग्रजी? अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. शहरापासून दूर, झाडाझुडपांत वसलेल्या आणि निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण देण्याचे वचन देणाऱ्या खाजगी शाळा ठिकठिकाणी निघाल्या आहेत. त्यांची माहितीपत्रके मनोहर असतात. फीचा आकडा मात्र सामान्य नोकरदाराच्या छातीत धडकी भरविणारा असतो. अशा शाळेसाठी कर्ज काढावे काय, हा प्रश्न आम्हांस एकाहून अधिक घरांतून विचारला गेला आहे. मुलाच्या आयुष्यातील दहा-बारा वर्षे आणि घरातील सारी शिल्लक ज्यावर अवलंबून आहे, अशा प्रश्नाचे उत्तर घाईने देणे योग्य नव्हे. मध्यंतरी आम्हांस उज्जैनला जाण्याचा योग आला. विद्यार्थी आणि वन यांचे नाते जेथे लोकस्मृतीत शतकानुशतके जोडलेले आहे, अशा त्या नगरीत जे पाहिले आणि ते पाहून जे मनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुंबईहून रात्री सुटणारी अवंतिका एक्सप्रेस दाहोद मागे टाकून माळव्याच्या पठारावर येते आणि सकाळी उज्जैनला पोहोचते. सप्टेंबरचे दिवस होते. रुळांच्या दोन्ही अंगांस काळ्या मातीत सोयाबीनची शेते पसरली होती व पानांवर पिवळेपणाची छटा दिसू लागली होती. महाराष्ट्रातून येणाऱ्याला हे गाव अगदीच परके वाटत नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी येथे आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली, आणि पुढे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी गोपाळ मंदिर उभारले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली, तरी त्यांच्यामागून आलेली कित्येक मराठी घराणी येथेच राहिली. अशाच एका घरातील वृद्ध गृहस्थ, जे आयुष्यभर शिक्षक होते, आम्हांस गाव दाखविण्यासाठी आपण होऊन बरोबर आले. त्यांच्या मराठीत हिंदीचे शब्द सहज मिसळत आणि ते आम्हांस 'फादरसाहेब' म्हणत. आम्ही त्यांस 'मास्तर' म्हणू लागलो, याचा त्यांस आनंद वाटलेला दिसला.

मास्तरांनी आम्हांस प्रथम नेले ते मंगळनाथाच्या वाटेवरील सांदीपनी आश्रमात. श्रीकृष्ण, बलराम व सुदामा यांनी सांदीपनी ऋषींपाशी येथेच विद्या घेतली, अशी परंपरा आहे. त्यांच्या विद्यार्थिदशेतील मूर्ती येथे आहेत. शेजारी गोमती कुंड आहे. या परिसरास अंकपात म्हणतात, कारण पाटीवर गिरविलेले अंक विद्यार्थी येथील पाण्यात धूत असत, अशी समजूत आहे. एका शिळेवर एकपासून शंभरापर्यंतचे अंक कोरलेले असून ते खुद्द गुरूंचे असल्याची भाविकांची श्रद्धा आहे. लहान मुलांना घेऊन आलेली अनेक कुटुंबे आम्ही तेथे पाहिली. एक आई आपल्या चारपाच वर्षांच्या मुलीचे बोट त्या शिळेकडे वळवून तिच्याकडून अंक म्हणवून घेत होती. ते दृश्य पाहून कोणाही शिक्षकाचे मन निवावे.

या आश्रमातील विद्यार्थिजीवनाची एक आठवण भागवत पुराणाच्या दहाव्या स्कंधात आली आहे. पुढे मोठेपणी दरिद्री ब्राह्मण मित्र द्वारकेस भेटीला येतो, तेव्हा श्रीकृष्णच ती सांगतो. गुरुपत्नीने दोघांना सरपण आणावयास रानात धाडले होते. अवकाळी वादळ सुटले, मेघ गडगडू लागले, सूर्य मावळला आणि चहूकडे इतके पाणी झाले की उंचवटा कोठे व खळगा कोठे हे कळेना. दोघे एकमेकांचा हात धरून, मोळ्या सावरीत, रात्रभर रानात भटकत राहिले. उजाडताच सांदीपनी स्वतः त्यांस शोधीत रानात आले, त्या भिजलेल्या, थकलेल्या मुलांना पाहून त्यांचे हृदय भरून आले आणि त्यांनी त्यांस आशीर्वाद दिला.

ही कथा आमच्या धर्मपरंपरेतील नव्हे. परंतु एका हरवलेल्या मेंढरासाठी रानोमाळ फिरणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट ज्यांनी लहानपणापासून ऐकली आहे, त्यांना तिचा अर्थ सांगावा लागू नये. 'निसर्गशाळा' म्हणून जिचा आज बोलबाला आहे, तिचे सारे मर्म आम्हांस या एका प्रसंगात सापडले. या मुलांना रान दाखविण्यासाठी सहलीला नेलेले नव्हते. आश्रमाच्या चुलीला लाकडे हवी होती, म्हणून ती रानात गेली होती. त्यांच्या हातून होणाऱ्या कामाची कोणास तरी खरोखर गरज होती. रानाने त्यांस सौंदर्याबरोबर भय दाखविले आणि भयात एकमेकांचा हात धरावयास शिकविले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ती परतली नाहीत तेव्हा गुरू आश्रमात बसून राहिला नाही.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आमचे लक्ष मास्तरांनी वेधले. ते म्हणाले, "फादरसाहेब, कृष्ण तर मोठ्या घरचा. पण त्याच्या बाजूला सुदामा बसला होता, ही खरी शाळा. सुदामा नसता तर रात्री कृष्णाने हात कुणाचा धरला असता?" मास्तरांचा हा प्रश्न आम्ही त्या दिवशी मनात बरोबर घेऊनच फिरलो.

अर्थात जुन्या गुरुकुलांचे गोडवे गाताना हेही विसरता येत नाही की, त्यांची दारे सर्वांस उघडी नव्हती. सुदामा दरिद्री होता, पण ब्राह्मण होता. ज्यांस जन्मामुळेच उंबऱ्याबाहेर ठेवले गेले त्यांच्यासाठी दार उघडावयास १८४८ साल उजाडावे लागले आणि पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांस शेणमाती झेलावी लागली. म्हणून 'गुरुकुल' अशी पाटी लावलेली शाळा पाहिली म्हणजे, या गुरुकुलात कोण आहे आणि कोण नाही, हे आधी पाहावे. मध्य प्रदेश शासनाने २०२५ साली आपल्या सीएम राइज शाळांना सांदीपनींचे नाव दिले. नाव चांगले आहे. त्या नावाला शोभेल असे शिक्षक त्या शाळांना लाभोत, अशीच कोणीही इच्छा करील.

दुपारी आम्ही क्षिप्रेच्या काठी असलेल्या वेधशाळेत गेलो. जयपूरचे सवाई जयसिंह हे माळव्याचे सुभेदार असताना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ती बांधली. दिल्ली, जयपूर, मथुरा व वाराणसी येथेही त्यांनी अशा वेधशाळा उभारल्या होत्या. पुढे पडझड झाली तेव्हा १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी येथील यंत्रांची दुरुस्ती करविली. येथे दुर्बीण नाही, काच नाही, वीज नाही. चुन्या-विटांच्या भिंती, दगडावरील रेघा आणि सूर्याची सावली, एवढ्यावर सारे काम चालते. सम्राट यंत्राच्या उतरत्या भिंतीची सावली वेळ सांगते. नाडीवलय यंत्राच्या उत्तरेकडील तबकडीवर सहा महिने ऊन असते आणि दक्षिणेकडील तबकडीवर उरलेले सहा महिने. सप्टेंबरची अखेर जवळ आली असल्याने सूर्य एका बाजूकडून दुसरीकडे जाण्याच्या बेतात होता. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी लगत आहे. त्यामुळे जूनच्या २१ तारखेच्या सुमारास दुपारी साधारण साडेबाराच्या आत-बाहेर शंकू यंत्राची सावली जवळजवळ नाहीशी होते आणि ते पाहावयास मुलांची गर्दी होते, असे मास्तर म्हणाले.

येथे आम्हांस एक विचार सुचला. ज्याला आपण निसर्गशिक्षण म्हणतो ते झाडे-फुले यांपुरते आवरून घेण्याचे काही कारण नाही. ऊन, सावली, वारा, पावसाचे माप आणि रात्रीचे तारे हाही निसर्गच होय, आणि त्यास पैसे पडत नाहीत. आमच्या उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत बहुधा ढगच असतात, म्हणून मे महिना चांगला. अंगणात एक सरळ काठी रोवून दुपारी बारापासून एकपर्यंत मुलाने दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण केली, तर ज्या धड्यासाठी राजाने वेधशाळा बांधली तोच धडा त्याला आपल्या दारात शिकता येईल.

सायंकाळी रामघाटावर बसलो होतो. कालिदासाने आपल्या मेघदूतातील मेघाला वाट वाकडी करून ज्या नगरीकडे पाठविले, तीच ही नगरी व तीच ही नदी. परंतु आजची क्षिप्रा पूर्वीसारखी बारमाही वाहत नाही. २०१४ साली नर्मदेचे पाणी उचलून तिच्या उगमाकडे सोडण्यात आले. इंदूरकडून येणारी कान्ह नदी शहराचे सांडपाणी आणून त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. ते पाणी घाटांपर्यंत येऊ नये म्हणून २०१६ च्या सिंहस्थाच्या वेळी ते नळांतून वळवावे लागले. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. मास्तर लहानपणी याच घाटावर पोहावयास शिकले. ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "मुलांना नदी दाखवायची तर पूरी दाखवावी. आरतीच्या दिव्यांची दाखवावी आणि नाल्याचीही दाखवावी." आम्हांस हे पटले. ज्या शाळेत मुलाला केवळ कापलेली हिरवळ व रंगविलेल्या कुंड्या दिसतात आणि कुंपणापलीकडचा नाला दिसत नाही, तेथे त्याला बागेची ओळख होईल. आजाऱ्याला न पाहता ज्याने केवळ सुदृढ माणसे पाहिली त्याला वैद्य म्हणता येत नाही, तसेच हे आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या ओळखीने शहराबाहेरील एक खाजगी शाळा पाहावयास मिळाली. तिचे नाव येथे देत नाही, कारण अशा शाळा सर्वत्र आहेत आणि तिच्यात पाहिलेले गुणदोष तिच्या एकटीचे नव्हेत. आवार विस्तीर्ण, इमारत बुटकी व हवेशीर, कडुनिंबाची मोठमोठी झाडे. भाजीच्या वाफ्यांत प्रत्येक भाजीचे इंग्रजी नाव लिहिलेली पाटी होती. आठनऊ वर्षांच्या एका चुणचुणीत मुलाने आम्हांस सर्व पाट्या वाचून दाखविल्या. "बाळ, वांग्याचे फूल कोणत्या रंगाचे असते?" असे मास्तरांनी त्याला हिंदीत विचारले. तो अडखळला आणि म्हणाला की बाईंनी अजून ते शिकविलेले नाही. वांग्याचे जांभळे फूल त्याच्या गुडघ्यापाशी उमलले होते. वाफ्यांना पाणी कोण घालते असे विचारता, त्यासाठी माळी ठेवला आहे, असे उत्तर मिळाले.

परंतु त्याच शाळेच्या दुसऱ्या टोकाला आम्ही एक वेगळा वर्ग पाहिला. तेथील तरुण शिक्षिकेने मुलांकडून पावसाची वही ठेवविली होती. छपराशेजारी ठेवलेल्या एका साध्या मापाच्या भांड्यातील पाणी रोज सकाळी पाळीपाळीने मोजावयाचे आणि तारखेपुढे आकडा व आपले नाव लिहावयाचे, असा क्रम होता. मागील दोन वर्षांच्या मुलांच्या वह्या कपाटात होत्या. यंदा पाऊस किती मागे पडला, कोणत्या आठवड्यात शेतकऱ्यांनी दुबार पेरणी केली, हे ती मुले एकमेकांचे बोलणे तोडून आम्हांस सांगू लागली. एका पानावर आकड्याऐवजी 'मी विसरलो' असे लिहिले होते. ते पान तिने फाडू दिले नव्हते. एकाच आवारात, एकाच फीमध्ये, एका वर्गात पाट्या होत्या आणि दुसऱ्या वर्गात पाऊस होता. फरक होता तो शिक्षिकेचा.

शिक्षकाची नजर म्हणजे काय, याचे उदाहरण उज्जैननेच दिले आहे. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे मराठी गृहस्थ १९१९ साली नीमच येथे जन्मले आणि त्यांनी उज्जैन ही आपली कर्मभूमी केली. १९५७ साली रेल्वेने जाताना खिडकीतून दिसलेल्या खडकांच्या आकाराने त्यांचे लक्ष वेधून घेतले. ते तेथवर गेले, आणि भीमबेटकाची प्राचीन शैलचित्रे जगापुढे आली. २००३ साली युनेस्कोने त्या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्या लोहमार्गाने हजारो माणसे रोज जात होती व खडक सर्वांनाच दिसत होते. वाकणकर चित्रकलेचे शिक्षक होते. पाहणे हाच त्यांचा धंदा होता. ज्याला पाहता येते असा एक माणूस मुलाला शिक्षक म्हणून लाभला, तर शाळेभोवती पाच एकर जमीन नसली तरी चालते.

आणि जमीन नव्हे, इमारतही नव्हे, केवळ कुरण होते, तरी शाळा झाली, याचा दाखला तर आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने गरिबांच्या मुलांना कशी मिळणार, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच वस्तीतील अंगणात नेण्यात आली, आणि 'अंगणवाडी' हा आज देशभर रूढ झालेला शब्द तेथून आला. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत. गुरे सोडून ती शाळेत कशी येणार? तेव्हा शिक्षकच गुरांमागे कुरणात गेले, आणि 'कुरणशाळा' सुरू झाली. बिया, खडे, पाने, शिंपले हीच मोजणीची साधने झाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, त्यांच्या निसर्गशाळेत सुदाम्यालाच पहिले आसन होते.

आज ज्याला निसर्गशिक्षण म्हणून मोठी किंमत पडते, ते आपल्या देशात गरिबांच्या मुलांसाठी, गरिबीतून आणि फीवाचून उभे राहिले होते, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. आम्ही खाजगी शाळांच्या विरुद्ध नाही. चांगल्या शाळेला चांगले शिक्षक ठेवावयाचे तर खर्च येतो, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु पैसे मोजण्यापूर्वी काय विकत घेत आहोत हे पाहणे, हे पालकांचे कर्तव्य आहे. म्हणून शाळा पाहावयास जाताना पुढील गोष्टी मनाशी धरून जावे, असे आम्ही सुचवितो.

शाळा जानेवारीत पाहू नये, जुलैत पाहावी. गुलाबी थंडीत कोणतेही आवार रमणीय दिसते. पावसाळ्यात मुले किती वेळ बाहेर असतात, चिखलात जाऊ दिली जातात की दोन महिने वर्गात कोंडली जातात, हे त्याच वेळी कळते. शक्य तर बोलावण्याच्या दिवशी न जाता एखाद्या साध्या दिवशी परवानगी घेऊन जावे.

शिक्षकांविषयी विचारावे. ते किती वर्षे टिकले आहेत? दर वर्षी माणसे बदलत असतील तर झाडे जुनी असूनही शाळा नवीनच राहते. कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे. रानात वा ओढ्यावर न्यावयाचे तर त्याहून पुष्कळ कमी मुले एकाच्या हाती असावीत. आसपासच्या दहा झाडांची नावे शिक्षकांस स्थानिक बोलीत सांगता येतात काय, हेही सहज बोलता बोलता विचारून पाहावे. मुलाला आजीच्या तोंडचे नाव ठाऊक नसेल आणि पाटीवरचे तेवढे ठाऊक असेल, तर ते झाड त्याच्या घरापासून तुटले असे समजावे.

मुले काय काम करतात ते पाहावे. वाफ्याला पाणी, वर्गाची झाडलोट, जेवणानंतरची ताटे, कंपोस्टचा खड्डा, यांपैकी मुलांच्या वाट्याला काय येते? सर्व कामांसाठी नोकर असतील, तर मुले निसर्गात राहत नाहीत, निसर्गाच्या पाहुणचारात राहतात. मुलांची व शिक्षकांची स्वच्छतागृहे मात्र न चुकता पाहावीत. तेथे शाळेचे खरे स्वरूप माहितीपत्रकाहून अधिक स्पष्ट दिसते.

नंतर सांदीपनींचा प्रश्न विचारावा : मूल वेळेवर परतले नाही तर शोधावयास कोण जाईल? विहिरीला कठडा आहे काय? मुले बाहेर गेली म्हणजे मोजणी कोण करतो आणि किती वेळा? आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी साप शेतशिवारात असतातच. सर्पदंश झाल्यास प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, तेथे पोहोचावयास किती वेळ लागतो आणि त्या वेळी शाळेत वाहन असते काय, हे नीट विचारून घ्यावे. 'आमच्याकडे असे काही होत नाही' असे उत्तर मिळाले तर सावध व्हावे. ज्याने रानाचा विचार केला आहे तो धोका नाकारीत नाही. त्याची तयारी सांगतो.

शाळेला शासनाची मान्यता आहे ना, हेही पाहावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार मान्यतेवाचून शाळा चालविता येत नाही. शाळा कोणत्या इयत्तेपर्यंत आहे व पुढे मूल कोठे जाईल, याची माहिती आजच घ्यावी. फीचा आकडा विचारताना बस, जेवण, गणवेश, सहली आणि दर वर्षी होणारी वाढ हे सर्व एकत्र मांडून पाहावे. कर्ज काढून भरलेल्या फीमुळे घरात जर रोज चिडचिड व भांडण होणार असेल, तर शाळेतील वृक्षांची सावली त्या मुलाच्या घरापर्यंत पोहोचणार नाही. बसमध्ये रोज दोन-तीन तास काढून जर मूल निसर्गाकडे जाणार असेल, तर तेवढा वेळ त्याने अंगणात खेळण्यात घालविला असता तर काय बिघडले असते, याचाही विचार करावा.

शेवटी मास्तरांचा प्रश्न : या वर्गात सुदामा आहे काय? त्याच कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात निदान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील शेजारच्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. आपण पाहत असलेल्या शाळेत ती मुले आहेत काय, आणि असल्यास ती इतरांबरोबर बसतात, जेवतात व सहलीला जातात काय, हे पालकांनी विचारावे. शेताच्या कडेला बांधलेल्या शाळेत त्या शेतात राबणाऱ्याचे मूल नसेल, तर आपल्या मुलाला शेत दिसेल, शेतकरी दिसणार नाही. येथे आम्हांस स्वजनांशीही स्पष्ट बोलणे भाग आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अल्पसंख्याकांच्या संस्थांना हा कायदा लागू नसल्याचे ठरले, आणि त्यात आपल्या ख्रिस्ती संस्थाही आल्या. संस्थेचे स्वातंत्र्य राखण्यासाठी ही सूट मोलाची आहे. परंतु कायद्याने जे सोडले ते सदसद्विवेकानेही सोडले, असा तिचा अर्थ होत नाही. उलट ज्याला सक्ती नाही त्याने स्वेच्छेने केले तरच त्याची किंमत. आपल्या शाळांचे चालक, शिक्षक व पालकसभा यांनी आपापल्या वर्गांतील सुदामे मोजून पाहावेत.

ज्या मातापित्यांना अशी शाळा परवडत नाही, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या दारात आजही विहीर आहे, केळीची चार बेटे आहेत, परसात अळू आहे, आणि घरात असे आजी-आजोबा आहेत की ज्यांना भरती-ओहोटीची वेळ घड्याळावाचून सांगता येते. मुलाला गावच्या साध्या शाळेत घालून आठवड्यातील एक सायंकाळ त्याच्याबरोबर तळ्याच्या, खाडीच्या वा शेताच्या काठी घालविली, पावसाची एक वही घरीच ठेवविली, एक वाफा सर्वस्वी त्याच्या हवाली केला आणि तो वाळला तर त्याच्यावर न रागावता त्याच्याबरोबर पुन्हा पेरला, तर निसर्गशाळेचा मोठा भाग घरीच घडेल. तेथे त्याला शोधावयास येणारा गुरूही घरचाच असेल. आणि ज्यांना परवडते त्यांनी शाळा अवश्य निवडावी, पण झाडे मोजण्यापूर्वी त्या झाडांखाली कोण कोण बसले आहे ते पाहून निवडावी.